भुकटीचा हिशेब

करमाळा तालुक्यात तेल निघालं नाही, आणि निघेल असं मलाही वाटत नाही. तरीही तेलवाल्यांच्या जगातली कितीतरी हत्यारं गेल्या पन्नास वर्षांत आमच्या शिवारात येऊन पोहोचली. चार खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडायचं यंत्र आलं. बोअरच्या तळाशी बुडून चालणारी मोटर आली. आटलेल्या बोअरमध्ये दाबानं पाणी घुसवून दगडाच्या भेगा मोकळ्या करायची युक्ती आली. सगळी पाण्यासाठी आली आणि आपापल्या परीनं उपयोगी पडली. तेलवाल्यांकडची एक गोष्ट मात्र अजून आलेली नाही, ती म्हणजे त्यांची वही.

मी सीनेकाठचा. घर तालुक्यातलं, पण नोकरी सगळी मुंबईच्या पश्चिमेला, समुद्रातल्या रिगांवर झाली. चौदा दिवस पाण्यावर, चौदा दिवस घरी. काम मड लॉगिंगचं. गावाकडं ते समजावून सांगणं अवघड जायचं. "तात्या, तिकडं करता तरी काय?" असं पोरं विचारायची, आणि "चिखल बघतो" म्हटलं की हसायची. पण खरंच तेच करायचो. तेलाची विहीर पाडताना नळ्यांमधून मुद्दाम बनवलेला चिखल खाली सोडतात. त्यात पाणी, बेंटोनाइटची माती, वजनासाठी बाराइटची भुकटी असं काय काय असतं. हा चिखल बिट गार ठेवतो, विहिरीच्या भिंती ढासळू देत नाही आणि वर येताना फुटलेल्या दगडाचा चुरा घेऊन येतो. वर थरथरत्या चाळण्या असतात. दर काही मीटरला चाळणीवरचा मूठभर चुरा घ्यायचा, धुवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला तर चुनखडी. अतिनील दिव्याखाली पिवळसर चमकला तर तेलाचा अंश. यात एक गणित असतं. खोल विहिरीत तळाचा चुरा वर यायला चांगला तासभर लागतो, म्हणजे हातात आलेला चुरा आत्ताच्या खोलीचा नसून तासापूर्वीच्या खोलीचा असतो. हे गणित हुकलं की पुढची सगळी नोंद वाया. धुतलेला चुरा पुडीत भरायचा, पुडीवर खोली लिहायची, पुड्या पेटीत आणि पेटी किनाऱ्यावर. विहीर कोरडी निघाली म्हणून पुड्या कोणी फेकत नसे. उलट कोरड्या विहिरीच्या पुड्या वरचे साहेब पुन्हापुन्हा मागवून बघायचे, कारण पुढची विहीर कुठं पाडायची नाही हे त्याच सांगायच्या.

तेलवाले जन्मजात शिस्तीचे होते म्हणून ही रीत पडली, असं मुळीच नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेकच्या विहिरीत साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलं, तेव्हा कसली वही आणि कसलं काय. जड छिन्नी उचलायची आणि आदळायची, एवढंच तंत्र. ड्रेकचा कारागीर विल्यम स्मिथ हा लोहार होता आणि मिठाच्या विहिरी पाडणाऱ्यांची हत्यारं घडवण्यात त्याचा हात बसलेला होता. वरची माती सारखी ढासळायला लागली तेव्हा ड्रेकनं पक्क्या खडकापर्यंत लोखंडी नळ ठोकून घेतला आणि त्या नळातून पुढं खोदलं. आज बोअरच्या गाडीवर निळ्या पीव्हीसी नळ्या रचलेल्या दिसतात, ते केसिंग म्हणजे हीच युक्ती. त्यानंतर तेलाची लाट आली आणि काड्या, लंबक, झाकलेल्या पेटीतली गुप्त यंत्रं घेऊन तेल दाखवणाऱ्यांचं पीक आलं. आमच्या पाणाड्यांचे ते सख्खे भाऊबंद. विहिरी कोरड्या जात, माणसं बुडत आणि पुढच्या गावात तोच खेळ पुन्हा सुरू होई.

वही आली ती खर्चापायी. विहिरी हजारो फूट खोल जायला लागल्या, एका विहिरीत अख्ख्या कंपनीचा पैसा अडकायला लागला, तेव्हा खाली काय लागलं हे विसरणं परवडेनासं झालं. फ्रान्सच्या कॉनराड आणि मार्सेल श्लुम्बर्जे या भावांनी खनिजं शोधण्यासाठी जमिनीला वीज देऊन तिचा रोध मोजायची पद्धत बसवली होती. ५ सप्टेंबर १९२७ रोजी अल्सास प्रांतातल्या पेशेलब्रॉनच्या तेलक्षेत्रात त्यांच्या माणसांनी तेच मोजमाप विहिरीच्या आत उतरवलं. कॉनराडचा जावई आँरी डॉल त्या कामावर होता. तार एक मीटर सरकवायची, थांबायचं, मोजायचं, कागदावर टिंब काढायचं आणि पुन्हा एक मीटर. संध्याकाळपर्यंत टिंबं जोडून एक वेडीवाकडी रेघ तयार झाली. शेजारच्या विहिरींच्या अशाच रेघा बाजूला ठेवल्या की त्यांतले चढउतार जुळतात, आणि खालचा थर कुठून कुठं उतरला ते दिसायला लागतं. तेलाच्या शोधातला सगळ्यात मोठा शोध कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी हीच रेघ दाखवीन. स्फोटांच्या लहरी पाठवून तळाचं चित्र काढायची रीतही त्याच दशकातली आणि तीही थोरच, पण लहरींनी दाखवलेलं चित्र खरं की खोटं हे शेवटी विहिरीतली रेघच ठरवते.

आपल्याकडंही तसंच झालं. आसामात डिगबोईची विहीर १८८९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुरी झाली, पण मुंबईचा समुद्र बघायला पाऊण शतक जावं लागलं. साठच्या दशकात रशियन जहाजानं खंबायतच्या आखाताकडं लहरींची पाहणी केली. जपानमध्ये बांधलेलं 'सागर सम्राट' आलं, आणि १९ फेब्रुवारी १९७४ ला मुंबई हायला तेल लागलं. त्या तेलाच्या खाली, बऱ्याच ठिकाणी तळाला, कोणता दगड आहे माहीत आहे? आमचाच, दख्खनचा काळा पाषाण. करमाळ्याच्या माळावर उघडा पडलेला तोच समुद्राखाली गाडला गेला आणि त्यावर चुनखडीचे थर बसले. गुजरातेत पादऱ्याला तर ओएनजीसीनं या काळ्या दगडाच्या भेगांतूनच तेल काढलं. रिगवर असताना तळाशी काळा चुरा आला की मला घरचं कोणी भेटल्यासारखं वाटायचं, आणि साहेब म्हणायचे, "झालं, आता थांबवा."

आमच्याकडं मात्र हा दगड वरच आहे. सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, त्याची ही चळत. जाडी किती, हे दोन्ही बाजूंच्या विहिरींनी सांगितलं. पूर्वेला किल्लारीत १९९३ च्या भूकंपानंतर हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं विहीर पाडली. काळा दगड ३३८ मीटरवर संपला, मग जेमतेम ८ मीटर गाळाचा थर आणि त्याखाली जुना ग्रॅनाइटी पाया. पश्चिमेला कोयनेजवळ पुढं ३ किलोमीटर खोल गेले. तिथं काळा दगड साडेबाराशे मीटरच्या आसपास संपला आणि लगेच ग्रॅनाइट लागला. तेल शिजायला गाळाचे जाड थर लागतात, ते दोन्हीकडं नाहीत. आम्ही मधले. तेव्हा तेलाचं राहू द्या. पण या दोन विहिरींतला दगडाचा फूटनफूट नोंदवलेला आहे, नमुने जपलेले आहेत, आणि त्यावर जगभरच्या माणसांनी लेख लिहिले आहेत. त्याच दगडात माझ्या एका गावाच्या शिवारात कितीतरी बोअर झाले असतील, आणि त्यांतल्या एकाचाही कागद ग्रामपंचायतीत मिळायचा नाही.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी विहीर हीच वही होती. करमाळ्यात देवीच्या माळावर कमलाभवानीचं मंदिर आहे, राव रंभाजी निंबाळकरांनी बांधलेलं. तिथली शहाण्णव पायऱ्यांची बारव बघायला लोक पायऱ्या मोजत उतरतात. बांधलेली बारव सोडा, साध्या शेतातल्या विहिरीत वाकून बघितलं तरी कडेला सगळे थर उघडे दिसायचे. वर काळी माती, मग पांढरट चुनखडीची मान, मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मध्येच तांबडा गेरूचा पट्टा, आणि तळाशी काळा पाषाण. झरा कोणत्या थरातून येतो ते डोळ्यांना दिसे. शेजाऱ्याला विहीर काढायची तर तो आधी तुमच्या विहिरीत उतरून बघे. वडार मंडळी तर पहारेच्या आवाजावरून सांगायची, आता दगड बदलणार. विहीर काढायला दोनदोन उन्हाळे जायचे, सुरुंग लागायचे, यारीनं दगड वर यायचा, आणि त्या सगळ्या काळात गावातलं प्रत्येक माणूस काठावर उभं राहून मत देऊन जायचं. दगडाचं ज्ञान चावडीवर असायचं.

विहिरीचं पाणी कमी पडलं की तळात उभं बोअर आणि भिंतीत आडवं बोअर मारायचे. आडव्या बोअरची छोटी मशीन दोरानं विहिरीत सोडतात आणि झऱ्याच्या दिशेनं भिंतीत भोक पाडत नेतात. आमच्या रिगवर तेलाच्या आडव्या विहिरी पाडायला सुरुवात झाली, तेव्हा इंजिनिअर लोक फळ्यावर चित्रं काढून कौतुकानं समजावत होते. उभ्या विहिरीला थराचा एक तुकडा भेटतो, आडवीला थर लांबवर भेटतो. मी मान डोलावली. आमच्या चुलत्यांच्या विहिरीत हे झालेलं मी बघितलेलं होतं.

१९७२ चा दुष्काळ आमच्या सोलापूर जिल्ह्यानं कसा काढला ते वेगळं सांगायला नको. खडी फोडायची कामं, सुकडी, छावणीत गेलेली जनावरं. त्याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, आणि गावोगाव पिण्याच्या पाण्याचे सरकारी बोअर पडायला लागले. हे काम करणारी हत्यारं तेलाची नव्हेत, खाणीतली. तेलाचा बिट फिरून दगड घासतो. हॉवर्ड ह्यूजेस थोरल्यानं १९०९ मध्ये शंकूच्या आकाराच्या दातेरी चाकांचा बिट काढला, त्याचीच पुढची रूपं आम्ही समुद्रावर वापरली. पण बोअरभर काळा पाषाण असला की घासण्यापेक्षा ठोकणं बरं. नळीच्या टोकाला हॅमर, हॅमरला टंगस्टन कार्बाइडच्या गोळ्या बसवलेला बिट, आणि वरून कॉम्प्रेसरची हवा. हवा हॅमर हाणते आणि तीच भुकटी वर उडवते. चिखलाचं काम हवा करते. १९६७ च्या बिहारच्या दुष्काळात युनिसेफनं अशी यंत्रं आणली आणि तिथून ती देशभर पसरली. विहिरीला दोन उन्हाळे लागायचे, तिथं दोनशे फुटांचं भोक एका दिवसात व्हायला लागलं.

भोक झालं, पण पाणी वर आणायचं कसं? सुरुवातीचे हापसे बिडाचे असत. परदेशातल्या एखाद्या शेतघराच्या अंगणात चार माणसांसाठी बनवलेले नमुने. आमच्याकडं पहाटेपासून अख्खं गाव त्यावर तुटून पडणार. युनिसेफनं १९७४ मध्ये पाहणी केली तेव्हा देशातल्या दर चार हापशांपैकी साधारण तीन बंद सापडले. या दुखण्यावरचा उपाय आपल्या महाराष्ट्रात, मिशनच्या कार्यशाळांत निघाला. आधी जालन्याला, मग सोलापूरला. सोलापूर वेल सर्व्हिसच्या पंपात बीड जाऊन पोलाद आलं, दांडा एकाच खिळीवर झुलायला लागला, आणि दांड्याच्या पुढच्या टोकाला चापाची पाटी आणि साखळी बसली. ही साखळीच महत्त्वाची. दांडा गोलात फिरतो आणि बोअरमधली सळई मात्र सरळ वरखाली जायला हवी. सळई थोडी जरी तिरकी ओढली गेली तर घासून तुटते. साखळी चापावर गुंडाळत आली की सळई सरळ उभी उचलली जाते. हा सोलापूर पंप पायाला धरून १९७६-७७ च्या सुमारास 'इंडिया मार्क टू' तयार झाला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडासनं तो बनवायला घेतला, आणि पुढं तो आफ्रिकेपर्यंत गेला.

टेक्सासच्या तेलक्षेत्रांत मान हलवणारे मोठे पंप चित्रात तरी तुम्ही बघितले असतील. १९२५ मध्ये लफकिनच्या वॉल्टर ट्राउटनं त्यांना समतोल वजन लावून आजचं रूप दिलं. त्या पंपाचं घोड्यासारखं तोंड नीट बघा. पुढची बाजू चापाची आहे आणि तिच्यावरून तार उतरलेली आहे. शाळेतल्या हापशाचं डोकं उघडून बघितलं की तेच दिसतं. दोघांचाही मूळपुरुष इंग्लंडातल्या खाणीचं पाणी उपसणारं १७१२ चं न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन, त्याच्या तुळईलाही चाप आणि साखळीच होती. सोलापुरात पंप करणाऱ्यांनी टेक्सासचा पंप समोर ठेवला होता की स्वतःच्या अकलेनं तिथं पोहोचले, यात मी पडत नाही. दोन्हीकडं अडचण तीच होती, म्हणून उत्तरही तेच आलं. सोलापूरनं जगाला चादर दिली हे सगळे सांगतात, हापसा दिला हे सोलापुरातही फारसं कोणी सांगत नाही.

मग जागा दाखवणाऱ्यांची गोष्ट. नारळ तळहातावर आडवा धरून चालायचं आणि तो उभा राहिला की पाणी, हे आजही चालतं. कडुलिंबाची दुबेळकी काडी चालते. पायाळू माणसाला बोलावणं जातं. वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त झाडं आणि वारुळं यांवरून पाणी ओळखायचं एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि त्यात निरीक्षण तरी आहे. नारळात मला ते अजून सापडलेलं नाही. 'मशीनवाले' आले ते याच पाणाड्यांच्या शेजारी येऊन बसले. त्यांची मशीन म्हणजे श्लुम्बर्जे बंधूंची तीच पद्धत. सरळ रेषेत चार लोखंडी खुंट्या, बाहेरच्या दोनांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोनांत फरक मोजायचा. बाहेरच्या खुंट्या लांबलांब नेत गेलं की वीज खोलखोल शिरते. सलग काळ्या दगडाचा रोध जास्त येतो, भिजलेल्या मुरमाचा आणि मांजऱ्याचा कमी. पण गेरूच्या चिकट थराचाही कमीच येतो, आणि त्यात पाणी धरलेलं असलं तरी ते सुटत नाही. म्हणून एकट्या मशीनच्या आकड्यावर जाऊ नये. जवळच्या एखाद्या बोअरची नोंद हातात असेल तरच त्या आकड्याला अर्थ येतो. नोंद नसते. मग मशीनवालाही शेवटी अंदाजानंच चुन्याची फुली मारतो, आणि शेतकरी त्या फुलीवर नारळ फोडतो.

उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि आमचा तालुका दोन झाला. भीमेच्या बाजूला कंदर, वाशिंबे, केत्तूर अशा गावांच्या दारात पाणी आलं. तिथं ऊस आला आणि मग केळी. सीनेकडच्या माळाला बोअरशिवाय गत उरली नाही. पाऊस सालाला पाचसाडेपाचशे मिलिमीटर, तोही आला तर. अशात नव्वदीनंतर तमिळनाडूच्या गाड्या यायला लागल्या. तिकडं नामक्कल जिल्ह्यात तिरुचेंगोडे नावाचं गाव आहे, बोअरच्या गाड्यांचं माहेरघर. टीएन पासिंगच्या दोन गाड्या जोडीनं फिरतात, एकीवर मास्ट आणि दुसरीवर कॉम्प्रेसर आणि रॉड. कामावरची पोरं आता ओडिशाची, झारखंडची. मध्ये स्थानिक एजंट. दर फुटावर, खोल जाईल तसा चढा.

बोअरची रात्र एकदा जवळून बघण्यासारखी असते. गाड्यांना दिवसा फुरसत नसते म्हणून बहुतेक वेळा रात्रच. आधी कोरडी राखाडी भुकटी उडते आणि बांधावरचा लिंब पांढरा होतो. मालक रॉड मोजतो. प्रत्येक रॉड वीस फुटांचा, आणि बिल रॉडवर. एजंट रॉड मोजतो. गाडीवाला रॉड आणि डिझेल मोजतो. मालकाची आई देव पाण्यात घालून बसलेली असते. हॅमरचा आवाज मध्येच मऊ होतो, आणि भुकटी एकदम लाल येते, केम गावच्या कुंकवासारखी. पोरं ओरडतात, पाणी आलं म्हणून. पाणी नसतं, गेरू असतो. मग भुकटीत पांढरे खडे चमकायला लागतात, गारगोट्यांसारखे. तो मांजऱ्या. लाव्हा गार होताना त्यात वायूचे फुगे राहिले, त्यांत हे स्फटिक भरले. आमच्या शिवारात मी बघितलं त्यात पाणी बहुतेक इथंच लागतं, लाल पट्ट्याच्या आगेमागे किंवा वरच्या मुरमाच्या बुडाशी. त्याच्या खाली काळा पाषाण सुरू झाला की पुढं भुकटीच. पण त्या वेळी रात्रीचा एक वाजलेला असतो, कर्ज काढलेलं असतं, आणि एजंट म्हणतो, "अजून पाच रॉड टाकून बघू." सकाळी भुकटीचा ढीग पाटात जातो. सगळ्यांनी सगळं मोजलेलं असतं, दगड सोडून.

निवृत्त होऊन गावी आल्यापासून मी अशा ठिकाणी जाऊन बसतो. दर रॉडला मूठभर भुकटी घ्यायची, वर्तमानपत्राच्या कागदात बांधायची, कागदावर फूट आणि गट नंबर. हवेवरच्या बोअरला तासाभराचं गणित नाही, चुरा लगेच वर येतो; माझ्या जुन्या कामापेक्षा हे सोपं. सुरुवातीला लोकांना वाटलं मी सोनं शोधतोय. पुड्या लोखंडी ट्रंकेत आहेत. काही शिवारांपुरता लाल पट्टा किती खोलीवर येतो आणि कुणीकडं उतरतो ते आता रेघ मारून दाखवता येतं.

बोअर आटल्यावर काय करायचं, यालाही तेलाच्याच जगातून उत्तर आलं. १९४७ मध्ये कॅन्ससमध्ये पहिल्यांदा तेलवाल्यांनी विहिरीत दाब देऊन दगड फोडून बघितला आणि १९४९ पासून तो धंदाच झाला. भूजल यंत्रणा त्यालाच जलभंजन म्हणते. बोअरमध्ये रबरी अडसर फुगवून वरचा भाग बंद करतात, खाली दाबानं पाणी भरतात, आणि चोंदलेल्या भेगा उघडतात. गावच्या हापशांसाठी ते पुष्कळ ठिकाणी कामी आलं. पण भेग नसेलच तर दाब काय करणार? बुडणाऱ्या मोटरचंही तसंच. आर्मेनियन वंशाचा आर्मेस अरुतुनॉफ रशियातून निघून अमेरिकेत आला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेलविहिरीच्या तळाशी चालणारा विजेचा पंप त्यानं तिथं चालवून दाखवला. त्या मोटरनं खोलीची भीती घालवली. पूर्वी मोटेच्या नाड्याची लांबी जेवढी तेवढीच तहान. आता केबल वाढवली की झालं.

कायदा आहे. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला आणि ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला शेतीसाठी त्यात बंदी आहे. बोअरच्या गाड्यांची नोंदणी करायची आहे. ६० मीटर म्हणजे दहा रॉड. दहाव्या रॉडला थांबलेली गाडी मी बघितलेली नाही. यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आहेत, त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते, ते काम चांगलं आहे. पण खाजगी बोअरमधला दगड त्या कागदावर येत नाही. तेलाच्या बाबतीत असं चालत नाही. कंपनी सरकारी असो की खाजगी, विहिरीची नोंद हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडं द्यावी लागते, आणि २०१७ पासून ती राष्ट्रीय भांडारात ठेवली जाते.

तेलवाल्यांनाही हे सुखासुखी सुचलं नव्हतं. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकातच ठरवून टाकलं होतं की ज्याच्या विहिरीतून तेल निघेल ते त्याचं, मग ते शेजाऱ्याच्या जमिनीखालून का वाहून आलेलं असेना. झालं, प्रत्येकजण बांधाला चिकटून विहीर पाडायला लागला आणि आपल्या विहिरीत काय लागलं ते लपवायला लागला. १९३० नंतर पूर्व टेक्सासमध्ये इतकं तेल उपसलं गेलं की भाव कोसळला, खालचा दाब गेला, आणि ऑगस्ट १९३१ मध्ये गव्हर्नरनं सैन्य पाठवून विहिरी बंद करवल्या. दोन विहिरींमधलं अंतर, उपशाची मर्यादा आणि नोंदी यांचे नियम त्यानंतर अंगवळणी पडले. आपला १८८२ चा सुखाधिकाराचा कायदाही तेच सांगतो: ज्याची जमीन, त्याचं तिच्याखालचं पाणी. त्यामुळं आमच्याकडंही बांधापासून दोन हातांवर बोअर पडतं, आणि शेजाऱ्याला दोन इंच पाणी लागलं की आठवड्यात गाडी पलीकडच्या वावरात उभी राहते.

आता पोरं येतात. "तात्या, पॉइंट काढून द्या." मी म्हणतो, पॉइंटचं नंतर बघू, तुझ्या बांधाला लागून ज्याचं बोअर आहे त्याला आधी घेऊन ये. त्याला किती फुटांवर लाल लागलं, पाणी कुठं आलं, मोटर किती रॉडवर सोडली, एवढं त्यानं सांगितलं तर तुझे निम्मे पैसे वाचतील. मग चहा येतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं. बहुतेकजण पुन्हा येत नाहीत. ज्याला घेऊन यायचं त्याच्यावर बांध कोरल्याची केस करमाळ्याच्या कोर्टात चालू असते.